पुणे ते इंदूर, दिवसाउजेडी

पुणे-इंदूर रस्ता तुमच्यापैकी किती जणांनी दिवसा पाहिलाय?

इंदूरला आल्यापासून मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली शिकायला, नोकरीला पुण्यात असतात आणि सगळ्यांचं उत्तर जवळजवळ एकच असतं. संध्याकाळी स्लीपर बसमध्ये चढायचं, पडदा ओढायचा, मध्यरात्री कुठल्यातरी ढाब्यावर डोळे चोळत उतरायचं आणि सकाळी इंदूर. माझा नवरा चौदा वर्षं असाच आला-गेला. लग्नानंतर सात वर्षं मीही. साधारण ६०० किलोमीटरच्या या रस्त्याबद्दल मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, पुणे आणि इंदूरच्या मध्ये एक ढाबा आहे.

मागच्या नवरात्रात हा रस्ता आम्ही पहिल्यांदा दिवसा पाहिला. आपल्या गाडीने, तीन दिवसांत, थांबत थांबत. सुट्टी म्हणून नव्हे. पुण्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही इंदूरला राहायला येत होतो.

त्याचं कारण घरगुती होतं. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आदल्या वर्षी बायपास झाली होती. घरात ते आणि आई दोघंच. नवऱ्याला इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत काम मिळालं आणि माझ्या पुण्याच्या ऑफिसने मला एक वर्ष घरून काम करायला परवानगी दिली. मी पुण्यातच जन्मले, वाढले, शिकले. म्हणून आमच्या दोघांत ठरलं होतं की एक वर्ष राहून बघायचं, मग बसून बोलायचं.

आईंनी फोनवर बजावलं, "पितृपक्षात निघू नका." म्हणून घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त. बाबांनी एवढंच सांगितलं, "गाडीनेच येताय तर रावेरखेडीला थांबून या. मी इतकी वर्षं अलीकडच्या काठावर काढली, पण पलीकडे जाणं झालं नाही."

इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही योजना सुरू झाली. नदी खाली निमाडात आणि इंदूर वर माळव्याच्या पठारावर, त्यामुळे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने विंध्य चढवून आणावं लागतं. बाबांची बरीचशी नोकरी त्या पंपांवर गेली. त्यामुळे त्यांना गावं, टोलनाके, हॉटेलं यातलं काही आठवत नाही. रस्ता त्यांना नद्यांवरून कळतो. "प्रत्येक नदीचा फोटो ग्रुपवर टाक," त्यांनी मला काम लावून दिलं.

पहिला दिवस : पुणे ते धुळे

सकाळी सहाला निघालो. जड सामान आधीच ट्रकने गेलं होतं. मागच्या सीटवर माझे दोन मॉनिटर सीटबेल्ट लावून बसवले होते, त्यांच्या पायाशी कुकर आणि मसाल्याचा डबा. आईने, माझ्या आईने, हातावर दही ठेवलं आणि "पोचलीस की कळव" म्हणाली. चाकण येईपर्यंत गाडीत कोणी काही बोललं नाही.

राजगुरुनगरला भीमेचा फोटो टाकला. बाबांचं लगेच उत्तर, "पूर्व." नारायणगाव, आळेफाटा मागे टाकून चंदनापुरी घाट उतरलो, संगमनेरला प्रवरा लागली. पुन्हा उत्तर, "पूर्व." नवरा म्हणाला, "नदी कुठल्या दिशेला वाहते ते सांगून राहिलेत."

सात वर्षं मी या 'सांगून राहिलेत'ची टिंगल करत आले आहे. "सांगतायत म्हण," मी सवयीने म्हटलं.

पहिला थांबा सिन्नरचं गोंदेश्वर. महामार्गापासून अगदी जवळ असून मी पुणेकर असून ते कधी पाहिलं नव्हतं. यादवांच्या काळातलं हे पंचायतन. मधोमध महादेवाचं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळं, समोर नंदीचा मंडप. सगळं एकाच उंच जोत्यावर. वेरूळ-अजिंठ्यासारखी गर्दी नाही. दोन आजोबा मंडपाच्या सावलीत पेपर वाचत होते आणि एक आई बाळाला जोत्यावर चालायला शिकवत होती. आम्ही अर्धा तास म्हणून थांबलो आणि तासभर रमलो.

नाशिकची गोदावरी ("पूर्व") झाली आणि पिंपळगाव बसवंतच्या आसपास द्राक्षबागा सुरू झाल्या. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. छाटलेल्या वेलींच्या नुसत्या काड्या मांडवावर, खाली माणसं वाकून काम करताहेत. फळ खाताना हे डोळ्यांसमोर नसतं.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर आईंचा फोन आला. कुठे पोचलात, काय खाल्लंत हे झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, वरच्या खोलीत एसी लावून घेतला. आता तुम्ही कायमचेच येऊन राहिलात, तर उन्हाळ्यात तुला त्रास नको."

मी "हो आई, छान केलंत" म्हटलं. फोन बंद झाला.

"कायमचे?" मी विचारलं.

"आईला तसं वाटून राहिलंय."

"तिला कोणी सांगितलं?"

नवऱ्याने आरशात बघून एका ट्रकला वाट दिली. "कायमचे असं मी सांगितलं नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण एक वर्ष असंही नाही सांगितलं."

या वेळी 'वाटून राहिलंय' मी दुरुस्त केलं नाही.

चांदवडला आम्ही ठरल्याप्रमाणे रंगमहाल बघायला वळलो. अहिल्याबाई होळकरांचा हा वाडा. लाकडी खांब, त्यांवरची नक्षी, भिंतींवरची जुनी चित्रं. जवळच डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचं देऊळ, नवरात्रामुळे तिथे माणसांची रांग. नवरा फोटो काढत हिंडला. मी चौकातल्या एका पायरीवर बसून राहिले.

अहिल्याबाई १७२५ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मल्या. लहान वयात होळकरांची सून होऊन उत्तरेकडे गेल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी सगळा कारभार त्यांच्याकडे आला. तो त्यांनी १७९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवला. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. त्या पायरीवर मात्र मला एवढंच सुचलं की 'एक वर्ष राहून बघ' असं त्या मुलीला कुणीच म्हटलं नसणार. आणि मला म्हणणाऱ्याने ते घरी सांगितलेलं नाही.

पुढे राहूड घाट. बाबांचा संदेश आधीच येऊन पडला होता, "सातमाळा ओलांडलात की पाणी फिरतं." खरंच तसं आहे. इथवर भेटलेली प्रत्येक नदी पूर्वेकडे जाणारी होती. या डोंगररांगेपलीकडचं पाणी गिरणेत, गिरणेचं तापीत आणि तापीचं अरबी समुद्रात. घाट असा मोठा नाही, पंधरा मिनिटांत संपतो. बाबांनी सांगितलं नसतं तर तिथे काही बदलतं हे मला कळलंही नसतं. मालेगावात यंत्रमागांची खडखड ऐकत गिरणेचा पूल ओलांडला, फोटो टाकला. उत्तर आलं, "शाब्बास."

संध्याकाळच्या उन्हात धुळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच लळिंगचा किल्ला दिसतो. चढायला वेळ नव्हता, गाडी बाजूला घेऊन नुसता पाहिला. रात्री धुळ्यात मुक्काम. जेवायला झणझणीत शेवभाजी आणि भाकरी होती. एरवी आम्ही त्यावर अर्धा तास बोललो असतो. त्या रात्री "पाणी दे" आणि "मीठ हवंय का" एवढंच बोलणं झालं.

दुसरा दिवस : धुळे ते महेश्वर

धुळ्याहून निघालं की थोड्याच वेळात सोनगीर लागतं. गावाच्या डोक्यावर किल्ला आणि गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं. तांबटांचं हे जुनं गाव. मला एक कळशी घ्यायची होती. दुकानातल्या काकांनी कळशी पुसता पुसता विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात?"

नवऱ्याने झटक्यात उत्तर दिलं, "इंदूरला जाऊन राहिलोय."

काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र हसू आवरेना. 'जाई ऱ्हायनात' आणि 'जाऊन राहिलोय', एकाच घडणीची दोन वाक्यं. इंदूरची मराठी हिंदीने बिघडवलेली, असं मी सात वर्षं समजत होते. इथे सोनगीरला अहिराणीत तेच वळण आहे, तिकडे वऱ्हाडात आहे, पलीकडे हिंदीत आहे. भाषा राज्याच्या सीमेवर येऊन थांबत नाही. रात्रीच्या बसमध्ये पुण्याची मराठी ऐकत झोपायचं आणि सकाळी इंदूरची ऐकत उठायचं, त्यामुळे दोन्हीतला फरक चूक वाटतो. मधली गावं ऐकली की तो फरक हळूहळू होत जातो हे कळतं.

"बोल, आता कोण चुकीचं बोलून राहिलंय?" नवऱ्याने विचारलं. कालपासून पहिल्यांदाच दोघं एकत्र हसलो. कळशी मॉनिटरच्या मध्ये बसवली.

सावळद्याला तापीचा पूल. पात्र रुंद, पाणी भरपूर. बाबांचं उत्तर, "पश्चिम." शिरपूरनंतर कपाशीची शेतं लागतात, बोंडं फुटायला लागली होती. पळासनेरपाशी महाराष्ट्र संपतो. दोन्हीकडे देवनागरीच असल्यामुळे सीमा पटकन लक्षात येत नाही. 'वाहने सावकाश चालवा' जाऊन 'धीरे चलें' आलं, 'शाळा' जाऊन 'विद्यालय' आलं, तेव्हा कळलं की आपण मध्य प्रदेशात आहोत.

मग बिजासनचा घाट. सातपुडा इथे ओलांडायचा. पावसाळा नुकताच संपल्याने डोंगर हिरवेगार. ट्रक जीव मुठीत धरून उतरत होते आणि बिजासन मातेच्या देवळाकडे पायी जाणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या, हातात झेंडे, बरेच जण अनवाणी. इंदूरच्या विमानतळाजवळच्या टेकडीवर आपली बिजासन आहे, तिच्याच नावाची ही देवी. घाटात थांबायला जागा बघून थांबा, वळणावर नको. सेंधव्याला पोहे खाल्ले. नवरा "भिया, थोडी सेव और" म्हणाला आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मला त्याच्यावर रागवून राहणं अवघड झालं.

खलघाटला नर्मदा आली. गाडीचा वेग कमी करून नवऱ्याने नकळत हात जोडले. पाणी गढूळ, काठोकाठ. या फोटोवर बाबांनी दिशा सांगितली नाही. फोनच केला. "पाणी किती आहे? पुलाच्या खांबावर खूण दिसते का?" मी खिडकीतून बघून अंदाजे सांगितलं. "हं," ते म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं.

धामनोदहून महामार्ग सोडून महेश्वरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. महेश्वर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं असणार, त्यामुळे घाटाचं वर्णन करत नाही. मला जे वाटलं ते सांगते. शनिवारवाड्याजवळ वाढलेल्या मुलीला राजवाडा म्हटलं की भव्य दरवाजे आठवतात. अहिल्याबाईंचा इथला वाडा आपल्या जुन्या पेठांमधल्या एखाद्या बऱ्यापैकी वाड्याएवढा. लाकडी खांब, साधी बैठक. ज्या बाईने काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं आणि घाट बांधले, तिने स्वतःसाठी एवढंच ठेवलं.

विणकरांकडेही गेलो. माहेश्वरी साडीला रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असतो, म्हणून ती हलकी. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते. काठावरच्या नक्षींची नावं घरगुती आहेत: ईंट, चटाई, हिरा, लहर. लहर म्हणजे नर्मदेची लाट. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले. १९७० च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या मंडळींनी रेहवा सोसायटी काढून मागे पडलेल्या या कामाला पुन्हा उभारी दिली. रेहवा हे नर्मदेचंच एक नाव. आदल्या दिवशी मालेगावात यंत्रमागांचा आवाज रस्त्यापर्यंत आला होता. इथे हातमागाचा खटखट आवाज खोलीबाहेर पडला की विरून जात होता. मी आईसाठी लहरीच्या काठाची एक साडी घेतली, माझ्या आईसाठी.

अंधार पडताना घाटावर जाऊन बसलो. पलीकडच्या काठावर नावडातोडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन करून ताम्रपाषाण युगातल्या वस्तीचा शोध लावला होता. पुण्याहून इकडे येऊन जमीन उकरणारी मी पहिली नाही, असा एक विनोद मी केला. नवरा हसला नाही.

"बाबांचं ऑपरेशन ठरलं त्या रात्री मी बसने निघालो होतो," तो म्हणाला. "तुला आठवतं? तुझं रिलीज होतं, तू दोन दिवसांनी आलीस. मी पडदा ओढून बारा तास पडून होतो. झोप नाही. बस कुठे आहे तेही कळत नव्हतं. तेव्हा ठरवलं, पुन्हा असं यायचं नाही."

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"तू नाही म्हणशील असं वाटलं."

"आणि एक वर्ष म्हटलं की हो म्हणेन?"

तो पाण्याकडे बघत राहिला. खाली कुणीतरी पानाच्या द्रोणात दिवा सोडला, तो थोडं अंतर जाऊन घाटाच्या पायरीला अडकला.

"मी आले ते एक वर्ष या शब्दावर," मी म्हटलं. "वर्षाने मी राहीन म्हणेन, किंवा नाही म्हणेन. काय म्हणेन ते मलाही माहीत नाही. पण आई त्या एसीकडे बघून रोज काय समजणार आहेत ते मला नको आहे."

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

तिसरा दिवस : रावेरखेडी आणि घर

सकाळी मंडलेश्वरवरून, नर्मदेचा पूल ओलांडून आम्ही दक्षिण तीरावर आलो. जलूद अलीकडच्याच काठावर राहिलं. बेडिया हे मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव लागतं, आजूबाजूला मिरचीची शेतं. मग लहान रस्त्याने रावेरखेडी. वाट विचारत जावं लागतं. प्रत्येकाने मात्र न विचारता "पेशवा की समाधी?" म्हणून हात दाखवला.

'बाजीरावांचा मृत्यू कोठे झाला?' या एका मार्काच्या प्रश्नापुरतं रावेरखेडी हे नाव मला माहीत होतं. १७४० च्या सुरुवातीला निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी झालेल्या तहात हा मुलूख मराठ्यांकडे आला. त्याची व्यवस्था लावायला बाजीराव इथे आले होते. निमाडातला एप्रिलचा उन्हाळा, त्यात ताप. २८ एप्रिल १७४० ला ते गेले. वय ३९.

नदीकाठी दगडी भिंतींच्या आवारात मधोमध समाधी आहे. तिथे आमच्याशिवाय एक कुत्रं आणि दूर कुठेतरी वाजणारी पाण्याची मोटर एवढंच होतं. आवाराबाहेर आलं की समोर नर्मदा. पुण्यात शनिवारवाड्यासमोर बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्याभोवती चोवीस तास रहदारी. इथली शांतता मला आधी उदास वाटली. मग नवरा म्हणाला, "माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे होते," आणि पुतळ्यातला माणूस एकदम आमच्या वयाचा झाला. घरापासून लांब, तापाने फणफणलेला.

नवऱ्याने तिथूनच घरी फोन लावला. व्हिडिओ लागेना, नुसता आवाज. स्पीकर लावला.

"बाबा, रावेरखेडीला आहोत."

"पोचलात? वा! समाधी नीट आहे ना? पाणी किती लांब आहे?" नवऱ्याने सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बाबा, एक राहिलं होतं सांगायचं. आम्ही सध्या एका वर्षासाठी येतोय. वर्षाने दोघं मिळून ठरवू. आईला कायमचं वाटतंय. मीच नीट बोललो नाही."

थोडा वेळ फक्त नदीवरचा वारा ऐकू येत होता. मला वाटलं, फोन कट झाला.

"बरं," बाबा म्हणाले. "आईला मी सांगतो. जेवायच्या वेळेपर्यंत या." आणि मग, "सूनबाई आहे ना तिथे? अगं, नदीचा फोटो नाही आला."

मी फोटो काढला आणि पाठवला. हात थरथरत होता, म्हणून दोनदा काढावा लागला.

परतताना सनावद, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल, बडवाह. तिथून चोरलकडे जाताना विंध्य चढायला लागतो. भेरूघाटाच्या वर आलो आणि बाबांचा शेवटचा संदेश आला, "पाणी पुन्हा फिरलं." आता वारा गार होता, माती काळी, शेतांत सोयाबीनची कापणी चालली होती. सिमरोलनंतर इंदूर.

दारात आईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. एसीचा विषय कोणी काढला नाही. जेवण झाल्यावर बाबांनी नातवंडाला दाखवावा तसा मला ॲटलास उघडून दाखवला. इंदूरची खान नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. आणि पुण्याची मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. "मधल्या दोघी, तापी नि नर्मदा, तेवढ्या तिकडे अरबी समुद्रात. तुझं पाणी आणि आमचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच," ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "वर्षाने काय ठरवायचं ते ठरवा. पण ठरलं की मला आधी सांगा, ऐकीव नको."

आईला "पोचलो" असा मेसेज करायचा राहिला होता. रात्री अकराला केला. ती जागीच होती.

जाणार असाल तर

दोन मुक्काम ठेवा, एक धुळ्याला आणि एक महेश्वरला. एका दिवसात करायला गेलात तर फक्त डांबर दिसेल. बिजासनचा घाट उजेडात पार करा. रावेरखेडीला खाण्याची सोय धरू नका, पाणी आणि डबा बरोबर असू द्या. मांडू आम्ही मुद्दाम वगळलं, ते इंदूरहून एका रविवारी होतं. परतीला महामार्गाऐवजी सनावद-बडवाह-चोरल रस्ता घ्या. काही ठिकाणी रुंदीकरणाचं काम चालू होतं, त्यासाठी तासभर जास्तीचा धरा. आणि घरात कुणी नद्यांचे फोटो मागणारं असेल तर जरूर पाठवा.

आमचं वर्ष संपायला अजून काही महिने आहेत. एसी उन्हाळ्यात कामाला येईल, वर्षाचं काय ते तेव्हा बघू. डिसेंबरात डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली तेव्हा बाबांना गाडीत घालून रावेरखेडीला नेलं. त्यांनी समाधीला नमस्कार केला, आवाराला एक फेरी मारली आणि मग काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ नदीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी जुनं सांगतील.

"डिसेंबरच्या मानाने पाणी बरं आहे," ते म्हणाले.